ई-क्लासच्या जमिनीवर सुबाभूळ लावावी का? फायदे-तोटे सांगा

बरडावरचा (घाटंजी तालुका)

नमस्कार मंडळी,

आमच्या ग्रामपंचायतीत यंदा झाडं लावायचा विषय निघाला आहे. गावाला लागून ई-क्लासची, म्हणजे गावाच्या चराईची सरकारी जमीन आहे. वरच्या अंगाला मुरमाड बरड, खाली नाल्याकडे काळी. गावातली गुरं आणि बकऱ्या तिथंच चरतात. सुबाभळीची रोपं लगेच मिळतील, दोन-तीन पावसाळ्यांत सगळं हिरवं दिसेल, सरपण होईल, चारा होईल, असं पोरांचं म्हणणं. म्हातारी माणसं मात्र म्हणतात की हे झाड एकदा शिरलं की निघत नाही. पुढच्या ग्रामसभेत यावर बोलायचं आहे आणि मला नीट माहिती घेऊनच बोलायचं आहे.

चाऱ्याची अडचण खरी आहे. पूर्वी ज्वारी पेरायचे तेव्हा प्रत्येकाच्या घरी कडब्याची गंजी असायची. आता शिवारात कापूस, सोयाबीन आणि तूर. सोयाबीनचं कुटार जनावर पोट भरायला खातं, पण त्यावर दूध निघत नाही. एप्रिल-मे महिन्यांत तर बकऱ्यांना काय घालावं हा रोजचा प्रश्न असतो.

ज्यांच्या वावरात किंवा गावात सुबाभूळ आहे त्यांनी सांगावं. आपल्या जमिनीत ती कशी येते, फायदा कोणाला होतो, नुकसान कुठं होतं?

बकरीवाला (दारव्हा)

भाऊ, बकऱ्या असतीन त सुबाभूळ पायजेच. उन्हाळ्यात आमच्याकडं जे काही हिरवं रायते ते धुऱ्यावरची, म्हंजे वावराच्या बांधावरची, सुबाभूळ अन् निंब. सरकी ढेपीचा भाव पायला का माणूस दुकानातून वापस येते. हा पाला म्हंजे आमची घरची ढेप.

पण खाऊ घालाची रीत हाय, ते नीट आयका. सगळा चारा हाच देऊ नका. तीन हिस्से चाऱ्यात एक हिस्सा सुबाभूळ, बाकी गवत, तुरीचं कुटार, बोरीचा पाला. नव्या बकरीले हळूहळू सवय लावा. एकदम कोवळे शेंडे पोटभर खाल्ले का केस गळतात, लाळ गळते, गाभण बकरीचं पिल्लू कमजोर होते. घोडं, गाढव, डुक्कर याइले त बिलकुल देऊ नका, घोड्याची आयाळ अन् शेपटीचे केस झडून जातात.

अन् झाड वाढू देऊ नका. कंबरेएवढं ठेवायचं अन् पावसाळ्यात दीड-दोन महिन्यानं कापत रायचं. कापलं का पुन्हा फुटते, जितकं कापान तितकं फुटते. मोठं होऊ देलं त पाला वर जाते, हात पोचत नाही, अन् खाली नुसत्या शेंगा लोंबतात.

जुना कृषी सहायक (वाशीम)

बकरीवाले भाऊंनी सांगितलेली खबरदारी अगदी बरोबर आहे. तिच्यामागचं कारण सांगतो, कारण ग्रामसभेत कोणी ना कोणी विचारेलच.

सुबाभूळ मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेची. आपल्याकडे चाऱ्यासाठी आणि सरपणासाठी तिचा प्रसार झाला तो मुख्यतः १९७० आणि ८०च्या दशकांत. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी उभ्या केलेल्या बाएफ संस्थेचा त्यात मोठा वाटा. हवाईत निवडलेले के-८ सारखे उंच वाढणारे वाण आले. १९८२ साली राज्यात सामाजिक वनीकरण विभाग सुरू झाला, तेव्हा रस्त्याकडेला, गायरानावर, शाळांच्या आवारात लवकर वाढणारी झाडं हवीच होती. त्या काळात दुष्काळ आणि सरपणाची टंचाई लोकांनी डोळ्यांनी पाहिलेली होती, त्यामुळे वर्षभरात डोक्याच्या वर जाणारं झाड सगळ्यांना आवडलं यात नवल नाही.

पाला वाळवून तपासला तर त्यात साधारण २० ते २५ टक्के प्रथिने मिळतात. मुळांवर गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत धरतात. आपली जमीन चुनखडीची, ती या झाडाला मानवते. पाणी साचणारी खोल काळी मात्र मानवत नाही. तुमच्या नाल्याकडच्या भागात पाणी तुंबत असेल तर तिथं रोपं पिवळी पडून मरतील.

आता विषाचं. पाल्यात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं, कोवळ्या शेंड्यांत जास्त. केस गळतात ते त्यामुळेच. जनावराच्या पोटात त्याचं रूपांतर होऊन जे बनतं त्यानं गळ्याजवळची थायरॉइड ग्रंथी सुजते. हवाईतल्या शेळ्यांना मात्र हा पाला खाऊनही त्रास होत नाही, हे ऑस्ट्रेलियाचे रेमंड जोन्स यांच्या लक्षात आलं. त्या शेळ्यांच्या पोटात हे विष पचवणारे जिवाणू निघाले. १९९२ साली त्यातल्या जिवाणूला शास्त्रीय नाव दिलं गेलं, त्यात जोन्स यांचंही नाव आहे. जनावराला हळूहळू सवय लावा असं म्हणतात त्यामागे ही गोष्ट आहे. घोडा-गाढव रवंथ करत नाहीत, त्यांच्या पोटात ही सोय नाही.

आणखी एक. १९८८च्या सुमारास या झाडावर सायला नावाची बारीक कीड आपल्या देशात आली. ती कोवळे शेंडे शोषते आणि पाल्याचं उत्पन्न पाडते. एकाच झाडावर गावाचा सगळा चारा अवलंबून ठेवू नये, याचं हे साधं कारण.

माळरानी (अकोला)

बरडावरचे दादा, माझं स्पष्ट मत आहे की ई-क्लासवर सुबाभूळ लावू नका. जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेशी संबंधित तज्ज्ञांनी जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जीवजातींची यादी केली आहे, तिच्यात सुबाभूळ आहे.

कारण तिच्या वाढीतच आहे. झाड फार लवकर फुलावर येतं आणि पाणी मिळत असेल तर वर्षातला बराच काळ फुलतं. पांढरे गोंडे, मग चपट्या शेंगांचे झुबके. शेंगा वाळून तडकल्या की बी खाली. बियांचं कवच इतकं टणक की पेरायला घेतलं तर आधी गरम पाण्यात टाकावं लागतं. त्याच कवचामुळे मातीत पडलेलं बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं. झाड तोडलं तरी बुंधा फुटतो आणि खाली बियांची चादर तयारच असते. अकोल्याच्या आजूबाजूला नाल्यांच्या काठानं पाहा, माणूस आत शिरू शकणार नाही अशी जाळी झाली आहे. खाली गवताची काडी नाही.

आणि ई-क्लासला पडीक म्हणू नका. चराई आवरली तर तिथं मारवेल येतं, पवन्या येतं, कुसळ येतं. हे आपल्या गुरांचं शेकडो वर्षांचं अन्न आहे. अकोला-वाशीम भागातल्या माळांवर तणमोर पावसाळ्यात अजून येतो. तो देशातल्या अत्यंत दुर्मिळ पक्ष्यांपैकी एक, आणि त्याला राहायला उघडं गवतच लागतं. ते माळ राखण्यात फासेपारधी समाजातल्या लोकांनी हात घातला आहे. अशा जागेवर झाडांची दाट रांग म्हणजे त्या पक्ष्याला घराबाहेर काढणं.

बकरीवाला (दारव्हा)

माळरानीताई, पक्षी वाचले पायजेत, मी नाही म्हणत नाही. पण ज्याच्याजवळ एक गुंठा जमीन नाही, धुरा नाही, फक्त बकऱ्या हायेत, त्यानं एप्रिलमधी कुठं जाव? आमच्या गावात अशे घरं लय हायेत. त्याइच्यासाठी ई-क्लास हेच वावर हाय. तिथं गवत त होळीच्या आंधीच संपून जाते. गवत राखा म्हनता, कोण राखन?

माळरानी (अकोला)

दादा, तुमचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे. पण एक गोष्ट पाहा. सुबाभूळ लावा की निंब, लागवड केली की पंचायत पहिली दोन-तीन वर्षं तिथं चराईबंदी करते. खंदक खणतात, काट्याचं कुंपण घालतात. तेव्हा सर्वांत आधी बाहेर होतो तो हाच बिनजमिनीचा बकरीवाला. त्यानंतर झाडं वर गेली की पाला हाताला लागत नाही, म्हणजे त्याला मिळतं ते फक्त सरपण. तुम्हीच लिहिलंत की कंबरेएवढी ठेवून कापत राहावी लागते. ई-क्लासवर ते कापणार कोण? तुमच्या धुऱ्यावर तुम्ही आहात, तिथं कोणीच नाही.

म्हणून सगळी जमीन एकदम बंद करू नये. तिसरा हिस्सा बंद ठेवायचा, बाकी चराईला मोकळा. बंद भागातलं गवत दिवाळीच्या सुमारास कापून न्यायचा पहिला हक्क भूमिहीन घरांना द्यायचा. पुढच्या वर्षी दुसरा हिस्सा. हे ठरावात लिहून घ्या, तोंडी राहिलं तर टिकत नाही.

बकरीवाला (दारव्हा)

हे पटलं. कापून न्याचा हक्क लिहून असन त आम्ही राखू पण. आपल्या हक्काचं गवत माणूस राखते.

आर्वीची लेक (मूळ आर्वी, सध्या मॅसॅच्युसेट्स)

धागा वाचून लिहावंसं वाटलं, कारण इथं अगदी हेच घडलेलं आहे, फक्त झाड वेगळं. त्याचं नाव नॉर्वे मेपल. मूळचं युरोपचं. १७५६ साली फिलाडेल्फियाच्या जॉन बार्ट्रम या रोपवाटिकावाल्यानं ते अमेरिकेत आणलं. खरा प्रसार झाला तो पुढे. १९३०नंतर इथल्या रस्त्यांवरचे एल्म वृक्ष डच एल्म नावाच्या बुरशीच्या रोगानं मेले आणि गावंच्या गावं उघडी पडली. लवकर वाढणारं, गाड्यांचा धूर सोसणारं, दाबलेल्या मातीत आणि रस्त्यावर टाकलेल्या मिठातही जगणारं झाड हवं होतं. मेपलनं ते सगळं दिलं. सावली दाट आणि रूप देखणं. लालसर-जांभळ्या पानांचा एक प्रकार तर अंगणाअंगणात लागला.

त्रास दिसायला वेळ लागला. त्याला पंख असलेलं बी येतं, वाऱ्यावर फिरत लांब जातं आणि जंगलाच्या आतल्या सावलीतही रुजतं. पानं इथल्या मेपलपेक्षा उशिरापर्यंत टिकतात, त्यामुळे खालच्या रोपट्यांना ऊन मिळत नाही. मुळं वरवर पसरतात, गवत जगू देत नाहीत आणि फुटपाथच्या फरशा उचलतात. ज्याच्या रसापासून पाक काढतात तो इथला शुगर मेपल मागे पडतो. दोघांची पानं इतकी सारखी की लोक देठ तोडून ओळखतात. नॉर्वे मेपलच्या देठातून दुधासारखा चीक येतो, शुगर मेपलच्या देठातून स्वच्छ रस.

न्यू हॅम्पशायरनं २००७पासून आणि मॅसॅच्युसेट्सनं २००९पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली. पण उभी मोठी झाडं सरसकट तोडलेली नाहीत. आमच्या रस्त्यावर आजही आहेत, उन्हाळ्यात त्यांच्याच सावलीत गाड्या उभ्या राहतात. नवं लावायचं नाही, जंगलाच्या कडेला उगवलेली रोपटी उपटायची आणि जुनं झाड पडलं की जागी इथलंच झाड लावायचं, अशी इथली रीत आहे. तुमच्याकडे रोपं अजून जमिनीत गेलेली नाहीत. निर्णय आधी घेता येतोय ही मोठी गोष्ट आहे.

पऱ्हाटीवाला (हिंगणघाट)

धुऱ्याबद्दल मी सांगतो, कारण माझ्या धुऱ्यावर ती आहे.

सरपणाची सोय झाली हे खरं. मांडवाचे खांब, कुंपणाचे डांग निघतात. पण धुऱ्याजवळची कपाशीची तासं कायम खुरटी राहतात. सावली पडते आणि मुळं ओल ओढतात. छाटणी चुकली त्या वर्षी तर लांबूनच दिसतं की पीक कुठपर्यंत दबलं. वावरात उगवलेली रोपं डवऱ्याच्या (बैलांच्या कोळप्याच्या) फेरात निघून जातात, तिथं त्रास नाही. त्रास आहे तो जिथं डवरा फिरत नाही तिथं, म्हणजे नाल्याची कड, विहिरीचा काठ, शिवेवरची काटी. तिथं दरवर्षी हातानं उपटावी लागतात.

लाकूड विकायचं म्हणाल तर बल्लारपूरच्या कागद कारखान्यासारख्या ठिकाणी सुबाभूळ, निलगिरी लागते. आंध्रात शेतकरी सलग शेतंच्या शेतं लावतात. पण त्यासाठी एकत्र माल लागतो. धुऱ्यावरची दहा-वीस झाडं तोडून पाठवायची तर तोडणी आणि गाडीभाड्यातच पैसा जातो. ग्रामसभेत कोणी "लाकूड विकून पंचायतीला उत्पन्न" असं म्हणालं तर आधी घाटंजीपासून गाडीभाडं काढायला सांगा.

बरडावरचा (घाटंजी तालुका)

सगळ्यांचे आभार. आता चित्र बरंच स्पष्ट झालं. पण पोरांचा एक मुद्दा उरतो. गावठी झाडं हळू वाढतात, तोवर गुरं खाऊन टाकतात आणि पाच वर्षांनी जमीन तशीच बोडकी. आमच्याकडे हे झालेलं आहे. मग लावायचं काय? आणि ग्लिरिसिडिया चालेल का? तेही लवकर वाढतं म्हणतात.

जुना कृषी सहायक (वाशीम)

ग्लिरिसिडियाही तिकडचीच, मध्य अमेरिकेकडची. धुऱ्यासाठी मी ती सुचवेन. फांदी रोवली की लागते, आणि पाला कापून कपाशीच्या ओळींत टाकला की चांगलं हिरवळीचं खत होतं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कोरडवाहू कपाशीत यावर प्रयोग झालेले आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी फुलं येतात, त्याच्या आत छाटली तर शेंगांचा प्रश्न राहत नाही. पण वासामुळे आपल्याकडची जनावरं सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे चाऱ्याचा प्रश्न तिनं सुटणार नाही. सामायिक जमिनीवर तीही नको.

मोहाखाली (अचलपूर)

लावायच्या आधी जमिनीत काय आहे ते पाहून घ्या, बरडावरचे भाऊ. बोडक्या दिसणाऱ्या बरडावर पळस, बोर, हिवर, धावडा यांची खोडं जमिनीखाली जिवंत असतात. गुरं दरवर्षी शेंडा खातात म्हणून ती गुडघ्याच्या वर येत नाहीत. मुळं जुनी आणि खोल असतात. चराई थांबवली की अशी खोडं नव्या रोपापेक्षा जोरानं वर येतात. पाणी द्यायचं काम नाही, खड्डे खणायचं काम नाही. पोरांना घेऊन एक दिवस जमीन फिरा आणि अशा खोडांजवळ दगड ठेवून खूण करा. "हळू वाढतात" ही तक्रार बहुतेक पिशवीतल्या रोपांची असते.

बाकी झाडं कामाप्रमाणे निवडा. चाऱ्याला बोर, हिवर, बाभूळ, अंजन. अंजनाचा पाला भर उन्हाळ्यातही गुरं खातात. बाभळीच्या आणि हिवराच्या शेंगा बकऱ्यांना किती आवडतात ते सांगायला नको. नाल्याच्या काठाला करंज, जांभूळ, अर्जुन. घराघराच्या उत्पन्नाला मोह, चारोळी, आवळा. सीताफळही लावा. तेही अमेरिकेकडूनच आलेलं, पण रान गिळत नाही आणि बकऱ्या त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून राखणीशिवाय जगतं. आमच्या भागात पायविहीर गावानं सामूहिक वनहक्कात मिळालेल्या जमिनीवर सीताफळाचं उत्पन्न घेऊन दाखवलं आहे. परकं झाड म्हणून सरसकट वाईट, असं मी म्हणणार नाही. आपण लक्ष दिलं नाही तर ते काय करेल, एवढंच विचारावं.

माळरानी (अकोला)

मोहाखालीकाकांशी पूर्ण सहमत. फक्त जिथं नुसतं गवत चांगलं येतं तिथं झाडं दाटू नका. नाला, बांध, कडेची जागा झाडांना द्या, मधला माळ गवताला.

कुऱ्हाड (पांढरकवडा)

आमच्या शाळेमागे सुबाभळीची जाळी झाली आहे. काढायची कशी? तोडली की दुप्पट फुटते.

पऱ्हाटीवाला (हिंगणघाट)

तोडून सोडून दिली तर फुटणारच. क्रम सांगतो. आधी शेंगा वाळायच्या आत, हिरव्या असतानाच खुडून टाका, नाहीतर काढताना बी आणखी पसरतं. लहान रोपं पावसाळ्यात, जमीन ओली असताना मुळासकट उपटा. उन्हाळ्यात ती वरून तुटतात आणि पुन्हा फुटतात. मोठं झाड असेल तर चर खणून बुंध्यासकट काढा. ते शक्य नसेल तर जमिनीलगत तोडा आणि नवे फुटवे निघाले की लगेच काढा, बकऱ्या सोडल्या तर त्या आनंदानं खातील. हे काही वर्षं चालू ठेवावं लागेल, कारण मातीतलं जुनं बी दर पावसाळ्यात उगवणार. मोकळी झालेली जागा रिकामी ठेवू नका, तिथं लगेच दुसरं झाड किंवा गवत लावा. शाळेची जागा आहे, तर तोडण्याआधी परवानगी कोणाची लागते ते पंचायतीत विचारून घ्या.

बरडावरचा (घाटंजी तालुका)

ग्रामसभेत मांडायला हे लिहून काढलं आहे. काही राहिलं असेल तर सांगा.

ई-क्लासवर आणि नाल्याकाठी सुबाभूळ लावायची नाही. जमिनीचे तीन हिस्से करून आळीपाळीनं चराईबंदी, आणि बंद हिश्श्यातलं गवत कापून न्यायचा पहिला हक्क भूमिहीन घरांना. जिवंत खोडांना खुणा करून तीच वाढवायची. नाल्याला करंज, अर्जुन, कडेला हिवर, बोर, बाभूळ. ज्यांना स्वतःच्या धुऱ्यावर सुबाभूळ हवी त्यांना मनाई नाही, पण शेंगा धरू द्यायच्या नाहीत आणि नाल्यापासून ती लांब ठेवायची. पोरांना हा शेवटचा भाग आवडेल असं वाटतं, कारण त्यांचा चाऱ्याचा मुद्दा त्यात राहतो.

हिवराचं आणि बाभळीचं बी कुठून आणावं?

बकरीवाला (दारव्हा)

इकत आणू नका. शेंगा पिकतात तवा बकऱ्या त्या खातात अन् रात्री रवंथ करता करता बी कोठ्यात टाकतात, काही लेंड्याइतून पडते. सकाळी झाडताना ते येचून ठेवायचं. बकरीच्या पोटातून आलेलं बी लवकर उगवते, भिजवाचं काम नाही. गावातल्या सगळ्या बकरीवाल्याइले सांगून ठेवा, पोतंभर जमते. अन् भूमिहीनाच्या हक्काचं वाक्य ठरावात पहिल्या नंबरवर घ्या, तिसऱ्या नाही.

बरडावरचा (घाटंजी तालुका)

घेतलं, पहिल्या नंबरवर.